विलंबाचे कारण

म्हापशाला बसस्टँडसमोर माझं दुकान:
झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅन, आधार,
आणि पाटीवर सगळ्यात खाली, मागाहून रंगवलेलं,
'फॉरेनरचे फॉर्म भरून मिळतील'.
भाडं त्या ओळीवर निघतं.

मोरजीचे रशियन येतात वेळेच्या आत,
फाइलला प्लास्टिकचे कप्पे,
तारखांवर पिवळा हायलायटर.
उशीर करतात ते आपले.

कुस्तोदियो बाराव्या दिवशी आला.
मरून पासपोर्ट, वरचा सोनेरी मुलामा बोटांनी गेलेला,
आत स्विंडनच्या गोदामातली अकरा वर्षं
एकाही शिक्क्याशिवाय.
'चौदा दिवसांत नोंद करायची म्हणे. माझी?'
तुझीच, म्हटलं. बस.

जन्मस्थान: उसकई.
भारतातील पत्ता: उसकई.
येण्याचा उद्देश: यादीत पर्यटन, व्यवसाय, उपचार.
तो आला होता कौलं परतायला
आणि आईच्या मोतीबिंदूसाठी.
मी 'इतर'वर टिचकी मारली.
फोटो पन्नास केबीच्या वर जात होता.
तीनदा लहान केला त्याचा चेहरा,
तेव्हा कुठे घेतला.

मग विचारलं, घरमालकाचा फॉर्म दिलात?
परदेशी माणूस घरी उतरला
तर चोवीस तासांत कळवायचं असतं घरमालकानं.
घरमालकीण पंख्याखाली बसली होती,
पिएदादमाय, मांडीवर पिशवी,
पिशवीत डोळ्यांचे थेंब आणि सहा पोळे.
'खंयचो परदेशी?' तिनं विचारलं
आणि दाराकडे पाहिलं,
कुणी आत येतंय की काय म्हणून.

त्याला तो पासपोर्ट मिळाला होता
तिच्याच जन्माच्या नोंदीवर.
ती तेरा वर्षांची होईतो दुसऱ्या देशाची होती,
त्याच घरात, त्याच खोलीत.
देश बदलला त्या आठवड्यात
तिला कुणी फॉर्म दिला नव्हता.
'हांव खंयच वचूंक ना,' ती म्हणाली,
तक्रार म्हणून नव्हे,
रकाना भरायचा असेल तर असावा, म्हणून.

अकरा दिवस उशीर झालाय माय,
कारण लिहावं लागतं.
ती बराच वेळ गप्प.
बाहेर कंडक्टर हळदोण्याच्या बसला थाप मारत होता.
'तो जेवलो आनी न्हिदलो,' ती म्हणाली.
माझी बोटं हलेनात, तेव्हा सावकाश,
मला भाषाच कळत नसावी तसं, मराठीतून:
'जेवला आणि झोपला. दुसऱ्या दिवशीपण तसाच.
झोपलेल्या पोराची खबर द्यायची कुणाला?'
कुस्तोदियो लॅमिनेशनचे दर वाचत राहिला.

माझा भाऊ कुवेतला असतो.
इकामा संपायला आला की
तीन आठवडे आधीपासून त्याचा आवाज बारीक होतो.
तिथंही कुणीतरी बसलेलं असेल
पंख्याखाली, कीबोर्डपुढे,
त्याचं आडनाव पुन्हा पुन्हा चुकवत.

मी टाइप केलं, तिनं सांगितलं तसंच.
पोर्टलनं लाल ओळीत परत पाठवलं:
ही अक्षरं चालणार नाहीत.
मग इंग्रजीत लिहिलं,
नियमाची माहिती नसल्यामुळे,
आणि ते लगेच गेलं.
पोचपावतीची प्रिंट येईपर्यंत वीज दोनदा गेली.

'कितें बरयलें?'
तुम्ही सांगितलं तेच, मी म्हणाले.
तिनं सही केली, तिरकी, लांब शेपटीची,
जुन्या शाळेत गिरवून घेतलेली.
मग त्यातला एक पोळा काढून
माउसच्या शेजारी ठेवला.

परवा एका जर्मन बाईचा फॉर्म भरत होते.
तिलाही उशीर. स्कूटरवरून पडली होती.
कारणाच्या रकान्यात कर्सर ठेवला
तर खाली आपसूक उघडली पट्टी:
जेवला आणि झोपला.

'हे काय आहे?' बाईनं विचारलं.
जुनं आहे, म्हटलं.
आणि स्कूटरचं लिहू लागले.