धरून चालू

गुदैबियात, मशिदीमागच्या गल्लीत, आमचं कार्गोचं दुकान.
किलोला साडेचारशे फिल्स, घरपोच.
इशाची नमाज झाली की शटर अर्धं खाली येतं.
"दिवसभर बॉक्स, रात्री बॉक्सिंग," मुकादमशेठ म्हणतात.
रोज तोच विनोद. रोज आधी तेच हसतात.

नी ओकाय, समोरच्या बँकेचा रखवालदार, अक्राचा,
टोपी काढून काट्यावर ठेवतो. एकशे दहा ग्रॅम.
त्याचा माणूस बंदरावरचा सुतार, सत्तावन्न किलो,
म्हणे खिळे तोंडात ठेवूनच रिंगपर्यंत यायचा.
रोहेलियोचा इलोइलोचा डावखुरा, एक्कावन्न,
इतका लहान की त्याला मारायला वाकावं लागे,
आणि वाकलेला माणूस परत सरळ झाला नाही.
शेठचा क्लीव्हलंडचा खाटीक, शंभराच्या वर,
काळ्यापांढऱ्या फिल्ममधला,
शेठच्या जन्माआधीच निवृत्त.

ते इंग्रजीत भांडतात, हिंदीत भांडतात,
मला मराठीत ऐकू येतं:
धरून चालू, वजन सारखं.
धरून चालू, तिघंही पंचविशीत.
राउंड पंधरा, ग्लोव्ह सहा औंसांचे,
आणि जुनी फिल्म भरभर पळते म्हणून खाटीक चपळ दिसतो,
तेवढं वजा धरून.

मी पावत्या लावते. मला कोणी विचारत नाही
आणि मीही सांगत नाही,
की रिंगमध्ये धरून चालत नाही.
धरलं की रेफरी मध्ये घुसतो, सोडवतो,
पुन्हा धरलं की बोट दाखवतो,
मग गुण कापतो.

अकोल्यात, पत्र्याच्या हॉलमध्ये,
आम्ही दोघी एक्कावन्नच्या. मी आणि उज्ज्वला डोंगरदिवे.
सर म्हणाले, एकमेकीले कायले खाता पोरींनो,
तू उतर अठ्ठेचाळीसवर.
उतरले.
मे महिन्यात स्वेटरवर रेनकोट घालून पळाले,
बाटलीत थुंकत राहिले,
आणि औरंगाबादला, सकाळी सहाला,
काटा दोनशे ग्रॅमवर अडला
तेव्हा उज्ज्वलानंच माझी वेणी कापली.
वेणी भरली एकशे ऐंशी.
उरलेले वीस मी रडून काढले.

मी माझ्या गटात तिसरी आले. ती तिच्या गटात पहिली.
आमची लढत कधी झालीच नाही.
काळ एकच, पत्रा एकच, मध्ये तीन किलो.

आता मी सदुसष्ट. तिचं माहीत नाही.
रॅकमागे उभी राहून कधी कधी लावते ती लढत.
पहिला राउंड तिचा, तिचा जॅब म्हणजे
दार न वाजवता घरात आलेली शेजारीण.
दुसरा माझा. थकली की तिचं उजवं कोपर वर जातं,
हे मलाच माहीत,
कोपऱ्यात तिला पाणी मीच पाजायचे.
तिसऱ्याची घंटा होते

आणि शटरखालून वाकून एक पोरगा आत येतो,
साइटवरचा, बुटांवर सिमेंट, खांद्यावर बॉक्स.
तीस किलो चारशे.
विमानाला तीसच्या वर चालत नाही.
तो टेप फाडतो. दुधाची पावडर, घोंगडी,
बामच्या बाटल्या, डोळे मिटणारी बाहुली.
एकेक वस्तू हातात घेतो, परत ठेवतो,
मग माझ्याकडे बघतो,
जसं आम्ही काट्याच्या सायबांकडे बघायचो.

तिकडे ओकायनं सुताराला बाराव्यात जिंकवलंय,
रोहेलियो म्हणतो, घंटेनंतर मारलं.

मी बॉक्स बंद करते. टेपचे दोन पदर, घट्ट.
काट्यावरचा आकडा विझेपर्यंत थांबते
आणि पावतीवर लिहिते.
शेठ चष्म्यावरून बघतात.
धरून चालू, मी म्हणते,
तीस.