मधला दांडा

बाक एकच. बिलं दोन आली.

पहिलं एकटेपणा-निवारण उपक्रमाचं:
पिवळा रंग, दोन हात, आणि पितळी पाटी,
'गप्पा मारायला आवडेल? मग इथे बसा.'
दुसरं सार्वजनिक सुरक्षेचं:
बरोबर मध्यावर लोखंडी दांडा एक,
कामाचा तपशील, 'आडवं होण्यास प्रतिबंध'.
दोन्हींवर सही माझी.
डार्लिंग्टनच्या पालिकेत, दुसऱ्या मजल्यावर,
एकाच पेनानं, एकाच चहाच्या घोटात.

पाटीचा मजकूरही माझाच.
आधी मनात मराठीत म्हणून पाहिला होता:
या, बसा, जरा पाठ टेका.
इंग्रजीत करताना
शेवटचे तीन शब्द राहून गेले.

उद्घाटनाला फीत होती, केक होता,
केकमध्ये साखर नव्हती.
महापौरबाई गळ्यातली सोनेरी साखळी सावरत
समतेवर बोलल्या, छान बोलल्या.
कुंपणापलीकडे कॅलम उभा राहून टाळ्या वाजवत होता.
गेल्या आठवड्यापर्यंत तो इथेच झोपायचा,
जुन्या बाकावर,
ज्याची एक फळी निखळलेली होती
आणि ज्याच्यावर कुणालाही काही सुचवलेलं नव्हतं.

त्याच्या कुत्र्याला ह्या हिवाळ्यात दोन स्वेटर मिळाले,
हातानं विणलेले.
येणारे-जाणारे गुडघ्यावर बसून त्याचं नाव विचारतात.
बिस्किट. मलाही पाठ आहे.
कॅलमचं नाव मला
तक्रारअर्जात वाचून कळलं.

दुपारी मी डबा घेऊन बाकावर जाते.
आपण मंजूर केलेली वस्तू आपण वापरावी, म्हणून.
पहिल्या दिवशी पलीकडच्या अर्ध्यात
मिस्टर टर्नबुल येऊन बसले, वय ब्याऐंशी,
पॉलिश केलेले बूट, खिशात बदकांसाठी मटार
(पाव घालू नये अशी तिथे वेगळी पाटी आहे).
ते काहीतरी बोलले.
मी एका कानातलं काढलं.
एकाच.
दुसऱ्या कानात व्याख्यान चालू होतं,
समोरच्याचं मनापासून कसं ऐकावं.

पुन्हा म्हणाले,
'हा दांडा फार बरा केलात हो.
उठताना धरायला होतो.
गुडघे गेलेत ना.'
आणि धरून उठून दाखवलं,
एखादा मुलगा नवी सायकल दाखवतो तसं.

मी काय बोलणार.
रागवायची सगळी तयारी करून आलेल्या माणसाच्या हातात
कुणी मटार ठेवावेत, तसं झालं.
वर जाऊन अहवालात लिहिलं:
नागरिकांचा प्रतिसाद, उत्तम.
दांड्याच्या रकान्यात की पाटीच्या,
ह्यावर थोडा वेळ अडले.
मग दोन्हींत लिहिलं.

संध्याकाळी आईला फोटो पाठवला.
मिरजेहून लगेच व्हिडिओ कॉल.
'किती सुधारलेले गं लोक!
बोलायला कुणी नाही, तर सरकार बाक देतं.
आमच्या सोसायटीत बघ, लिफ्टमध्ये मान वर करत नाहीत.'
मग चष्मा कपाळावर सरकवून, फोन नाकाशी नेऊन,
'पण वसू, मध्ये हे काय आलंय?
बसणाऱ्यांची भांडणं होतात की काय?'

'आधार आहे आई,
उठताना धरायला.'
खोटं नव्हतं ते.

'असं होय,' ती म्हणाली,
आणि गॅस बारीक करायला वळली.
तिच्या मागे खिडकीच्या कट्ट्यावर
शेवंताबाईंचा कप, कान तुटलेला,
आमच्या कपांपासून वीतभर लांब,
पालथा.

विचारलं असतं,
तर तीही
खोटं बोलली नसती.