लाल सुताचा चमचा

साखर पेठेत सकाळी गंगव्वाच्या उखळात
शेंगा पडतात, लसूण पडतो, तिखट पडतं,
तेल सुटेपर्यंत मुसळ थांबत नाही.
त्या बाजूची आमची खिडकी
चार वर्षं बंद आहे.

भार्गव तेव्हा दोन वर्षांचा.
पचायचं नाही म्हणून तोवर शेंगा लांबच ठेवलेल्या.
बारशाच्या पंगतीत कुणी कौतुकानं
भाकरीला चटणी लावून घास भरवला.
ओठ टरारून आले, श्वासात शिटी वाजायला लागली.
रिक्षावाल्यानं भाडं घेतलं नाही,
एवढंच नीट आठवतं.

आता लावण्या सहा महिन्यांची.
मान धरते, माझ्या घासाबरोबर तोंड हलवते.
डॉक्टर मडूरबाईंनी तिची कातडी नीट बघितली,
म्हणाल्या, हिला द्यायचं. लवकर द्यायचं.
मी दोनदा विचारलं.
त्या दोनदा तेच म्हणाल्या.
अख्खा दाणा नाही. गंधासारखं वाटून, पातळ करून,
आणि पहिल्यांदा इथं, माझ्यासमोर.

गंगव्वानं उखळ तीनदा धुतलं.
"मीठ न्हाई, तिखट न्हाई?
मग ही चटणी कसली गं?"
तरी वाटत राहिली,
नव्या सुनेनं वाटावं तसं, घाबरत.

दवाखान्यातलं बाकडं. स्टीलची डबी.
भार्गव बाहेर बापाबरोबर, गाडीच्या टाकीवर बसलेला.
चमच्याच्या टोकाला लागेल एवढंच.
तिनं तोंड वाकडं केलं, मग चाटलं,
मग डबीकडे हात.

अर्धा चमचा. अजून थोडं. मग थांबायचं.
मी तिचे ओठ बघत राहिले.
मागावर तुटका धागा शोधताना बघतात तसे.
लाली कुठं? सूज कुठं?
भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढं होतं,
ती पाचसुद्धा मी बसून काढली.
लावण्या झोपली.

आता आठवड्यातून दोनदा द्यायचं, चुकवायचं नाही.
तिचा चमचा वेगळा,
दांड्याला मागावरचं लाल सूत.
तो वरच्या फळीवर असतो,
भार्गवला कळतं, लाल म्हणजे हात नाही लावायचा.

तो विचारतो, कसं लागतं ते, आई?
मी हात धुतेय, कोपरापर्यंत, दुसऱ्यांदा.
गावभर ज्याचा वास, ते कसं लागतं
हे याला कुठल्या शब्दात सांगू?

"जाऊ दे," तो म्हणतो,
"ही बोलायला लागली की
तिलाच विचारतो."