तिसऱ्या रिळातला पाऊस

रावपुऱ्यातल्या हितेशनं रिमोटवर कसलेसे सात आकडे दाबले,
म्हणाला, "बेन, हवे आ बधा देशनी डिस्क खाशे,"
आणि तीनशे रुपये घेतले.
भाच्यानं लिऑनहून आणलेली डबी.
पाठीवर बारीक अक्षरांत लिहिलंय, मूळ निगेटिव्हवरून,
चौकट न् चौकट धुऊन, पुसून, सांधून.
एवढं कुणी माणसांसाठीही करत नाही.

शहात्तरचा नोव्हेंबर. फतेगंजातला हॉल,
घडीच्या लोखंडी खुर्च्या, बाहेर भिंतीला टेकलेल्या सायकली.
दिल्लीहून पेटीतून आलेल्या प्रिंटवर
खाली एक ओळ नाही, इंग्रजीसुद्धा नाही.
दिघेसर म्हणाले, शरयू, तुझा डिप्लोमा आहे ना,
बस पडद्याशेजारी, माइक घे आणि सांगत जा.
मी बावीसची. माझं फ्रेंच
भाजीबाजार, हवापाणी आणि मामाच्या बागेतल्या सफरचंदांपुरतं.

टॉर्चला निळा कागद गुंडाळून
मी सांगत गेले, मराठीत, अडले की गुजरातीत.
ही सिग्नलमनची बायको. माळ्यावर लपवलेला पोरगा.
हा जर्मन अधिकारी, दूध मागतोय.
तिसऱ्या रिळात तो पेला खाली ठेवतो, विचारतो,
वर कुणी आहे?
आणि नेमकी तिथं प्रिंट कडकडली,
तिचा चेहरा धारांखाली गेला,
ओठ हलले असं मला वाटलं.
अंधारात दीडशे माणसं माझ्या आवाजासाठी थांबलेली.
मी म्हणाले, "नाही."
तेवढ्यावर थांबायला हवं होतं. म्हणाले,
"अशा पावसात आमच्याकडे कोण येणार?"

मागच्या रांगेतून एक टाळी.
मग अख्खा हॉल.
दिघेसरांनी वळून दाराकडे पाहिलं.
तेव्हा सगळेच पाहायचे दाराकडे.

पुढे कितीतरी वर्षं
शेवउसळीच्या गाडीवर, बँकेत पासबुक भरून घेताना
कुणीतरी अनोळखी थांबून म्हणायचं,
काय बाई होती हो ती! अशा पावसात कोण येणार!
आणि मी मान हलवायची,
जणू वाक्य तिचंच होतं.

आज दुपारी खिडक्या लावून बसले.
दुधावरची साय दिसते.
तिच्या मोज्याला रफू, जरा फिक्या दोऱ्यानं.
अधिकाऱ्याच्या मानेवर रंग संपतो तिथली रेघ.
आणि दाराबाहेर लख्ख ऊन,
दोरीवर कपडे वाळतायत.
पाऊस नव्हताच.
गावोगावच्या मशिनींतून घासत आलेल्या फिल्मचे
ते ओरखडे होते.

तो पेला ठेवतो. विचारतो.
ती
काहीच म्हणत नाही.
तीनदा मागे नेऊन मोजलं. अकरा सेकंद.
कोरडे हात एप्रनला पुसते, पुन्हा पुसते.
खाली अक्षरं उमटत नाहीत.
मग तो उठतो, बाहेर जातो,
दोरीवरचा एक सदरा, सिग्नलमनला कधीच न होणारा,
बोटांनी जरा चाचपतो
आणि सोडून देतो.
हे सगळं तेव्हाही होतं.
मी सांगितलेल्या पावसाच्या मागे.

दिघेसर जाऊन एकोणीस वर्षं झाली.
हॉलच्या जागी टाइल्सचं दुकान आहे.
ज्यानं पहिली टाळी वाजवली तो कोण,
मला तेव्हाही कळलं नव्हतं,
आता कुठं शोधू आणि काय सांगू?
की बाबा, ती गप्प होती. नाही मी म्हणाले होते.
की तू टाळी मागे घेऊ नकोस.

भाचा स्वयंपाकघरातून विचारतो, कसा आहे गं पिक्चर?
स्वच्छ आहे, मी म्हणते.

मग हितेशला फोन लावला.
म्हटलं, एका जागी आवाज जातोय, बघ बरं,
आणि फोन टीव्हीजवळ धरला
पूर्ण अकरा सेकंद.
तो म्हणाला, "बेन, अवाज तो आवे छे.
पाछळ घडियाळ चाले छे, मने पण संभळाय छे."

हो, मी म्हणाले.
येतोय.