कोणावर दात

धंतोलीत, दुसऱ्या मजल्यावर,
पराते डॉक्टरीणबाईंनी माझ्या तोंडात आरसा धरला
आणि विचारलं, "रात्री काय चावता?"
काही नाही. सुपारी सोडली, खर्रा कधीच नव्हता.
"मग दाढा अशा कशा? साठीच्या माणसाच्या वाटतात."
मी एकेचाळीसचा.

घरी सुचिता म्हणाली, "मले माहीत आहे न.
कूलरच्या आवाजातही आयकू येते, कर्र कर्र.
काहून दात खाता झोपेत? कोणावर?"

कोणावर.

गेल्या मे महिन्यात, सेहेचाळीस डिग्रीत,
कुमरे खांबावर होता.
परमिटवर सही माझी. लाईन बंद होती,
रजिस्टरात तर बंदच होती,
कोणाच्या तरी जनरेटरातून वीज उलटी आली.
चौकशी चार महिने. ऑपरेटर निर्दोष.
फाईल बंद, लाल फीत, कपाट.

निकालाची प्रत शरीराला कोणी पाठवली नाही.

मी सबस्टेशनचा माणूस, मला कळतं:
लोड झेपेना की आपण फीडर सोडतो,
आधी शेतीचा, मग वस्त्यांचा,
हॉस्पिटलचा शेवटपर्यंत नाही.
आतही तेच चाललंय.
आधी पोट गेलं; तर्री-पोहे समोर थंड होतात.
मग झोप. मग नावं.
परवा सख्ख्या भाच्याला "अरे, अरे" करत राहिलो.
काळजाचा फीडर तेवढा चालू,
रात्री अडीचला, फुल लोडवर,
कोणी कुठे धावत नसताना.

आणि कपाळामागे कुठेतरी तो रिले,
सेटिंग बिघडलेला:
तारेवर कावळा बसला तरी ट्रिप.
फोन वाजला, ट्रिप.
गच्चीवर पोरं मांजा ओढतात
आणि माझे तळहात ओले.

बाईंनी साचा घेतला, गुलाबी, पुदिन्याच्या वासाचा.
आता झोपताना प्लास्टिकची पट्टी घालतो.
सकाळी धुताना तिच्यावर खुणा दिसतात,
लॉगशीटसारख्या, तासातासाच्या.
"दाढा वाचतील," बाई म्हणाल्या, "बाकीचं कोणाशी तरी बोला,"
आणि चिठ्ठीवर मेडिकलमधलं एक नाव लिहून दिलं.
चिठ्ठी खिशात दोनदा धुतली गेली.

काल गोरेवाड्याला गेलो, कुमरेच्या घरी.
त्याच्या बायकोनं पाणी दिलं.
"बारीक झाले तुम्ही," एवढंच म्हणाली.
बोलायला तोंड उघडलं
तर कानाखाली काहीतरी कट्‌कन सुटलं,
इतक्या मोठ्यानं की तिलाही ऐकू गेलं असावं.
तो एक ग्लास संपवायला
मला फार वेळ लागला.