गोळीबंद

लुलिओत दुपारी दोनलाच अंधार.
गुन्वोर पातेल्यात साय, साखर, काकवी
ढवळत उभी, चष्मा वाफेने आंधळा.

थेंब गार पाण्यात टाकायचा.
पसरला, तर अजून थांब.
बोटांत गोळी वळली की उतरव,
एक मिनिट जास्त, अन् दगड.

चाळीस वर्षं ह्याच बोटांनी
अख्ख्या गल्लीच्या दाढा भरल्या.
आता इवल्या कागदी वाट्या भरते.
वर बदामाचा चुरा. मग पुडी,
लाल दोरा, गाठ,
प्रत्येकीवर नाव.

गेल्या नाताळात सिक्स्तेनची दाढ
हिच्याच टॉफीने काढली,
भूल न देता.

यंदाही दारात पहिला तोच.
टोपीवरचा बर्फसुद्धा न झटकता
आ करून दाखवतो:
"बघ, आता जागा आहे."