खळ

असोळण्याच्या इगर्जीतून दरवर्षी पवित्र गुरुवार झाला की
बारा टॉवेल येतात माझ्याकडे,
बारा जणांचे पाय पुसलेले.
पंचवीस वर्षं धुतेय,
एकावरही कधी चिखल नाही.
घंटेवाला मिंगेल आधीच बजावतो सगळ्यांना:
घरून साबण लावून या, नखं काढून या.

यंदा ओले अकराच.
इनास रेंदेराचं नाव पाद्रीबाबांनी खोडलं.
छपराच्या पैशांचा हिशेब विचारला होता त्याने,
तोही मोठ्याने नाही,
माडावरून उतरून, कमरेची कोयती न सोडता.
पुढच्या रविवारी वेदीवरून
थकबाकीत त्याच्या घराचं नाव वाचलं.
त्याची आई दुसऱ्या बाकावर होती.

मला शास्त्र कळत नाही.
पण पांढरा झगा उलटा करून उन्हात घातला
की माणूस वाचता येतो.
काखेत घाम, बाहीवर मेण,
कॉलरीत मानेचा काळा वळ,
आणि गुडघ्यांवर
काहीच नाही.
तिथे उशी ठेवतात.

काल पापनिवेदनाला गेले.
जाळीपलीकडून प्रश्न आला, आणखी काय, एर्मेलिंद?
म्हटलं, फादर, या खेपेला तुमच्या झग्याला
खळ घातली नाही मी. मुद्दाम.

आत बराच वेळ काही नाही.
मग खुर्ची करकरली.
तीन नमो मारिया म्हण,
एवढंच बोलले.

अकरा टॉवेल दोरीवर आहेत.
बारावा, कोरा,
इनासच्या आईकडे ठेवून आले.
तिचे पाय सुजलेत.